दोरी सोडायची नाय

आपल्या बोलण्यात 'नाही' अगदी शेवटाला येतं. जाणार नाही, खाणार नाही, देणार नाही. अख्खं वाक्य ऐकून झालं की मग कळतं, हे होकाराचं होतं की नकाराचं. घरात बोलताना त्याचं काही वाटत नाही. पण भोंग्यावरून बोलताना, आणि खाली ढोल वाजत असताना, ते शेवटचं 'नाय' कुठं जातं हे मी माझ्या कानांनी ऐकलंय. तेच सांगायला बसले आहे.

माझं सासर शहापूरच्या बाजूला, शेणव्याजवळ, आणि माहेर मुरबाड तालुक्यात. माहेरच्या गावामागं एक टेकडी आहे आणि टेकडीवर देवी. चैत्रात जत्रा भरते. पायथ्यापासून देवळापर्यंत दगडी पायऱ्या, आणि मध्यावर त्या वळतात तिथं एक सपाट जागा, आमच्या घराच्या ओटीएवढी म्हणा ना. तिला विसावा म्हणतात. एका अंगाला कातळ, दुसऱ्या अंगाला दगडी कठडा. देवी वर जाताना तिथं टेकली होती, म्हणून जाणारा-येणारा प्रत्येक जण तिथं थांबतो, हळदकुंकू वाहतो, मग पुढं सरकतो.

आणखी एक रीत आहे. दुपार कलली की पालखी देवळातून खाली निघते, आणि तिच्याखालून वाकून जायचं असतं. किरकिरं पोर, नवी सून, दुखणेकरी माणूस, सगळे जातात. पालखी एकदा खांद्यावर घेतली की पायथ्याच्या पारावर टेकेपर्यंत थांबत नाही. तेव्हा ती वाटेत गाठायची, आणि जो तो ती विसाव्यावरच गाठायला बघतो, कारण वाकायला तेवढीच सपाट जागा. आता तुमीच बघा, वरून पालखी आणि तिच्यामागची माणसं, खालून घाईनं चढणारी माणसं, आणि मध्ये ती ओटीएवढी जागा.

पंच्याऐंशी सालाच्या आसपासच्या एका जत्रेत मी तिथं अडकले होते. माझी भावजय माझ्यासोबत, तिच्या कडेवर तिची पोर, म्हणजे माझी भाची. पालखी दिसली आणि सगळे थोडे पुढं झाले. कुणी कुणाला ढकललं असं मी आजही म्हणणार नाही. माझ्या पायाखालचा दगड गेला एवढं खरं. पाय खाली टेकतच नव्हते आणि तरी मी उभी होते. श्वास आत घ्यायला जागा नव्हती. तुम्हाला वाटेल आरडाओरडा झाला असेल. नाही हो. ओरडायला छातीत वारा लागतो. सगळं गप झालं होतं, ढोल तेवढे चालू.

भावजयीनं पोरीला एका हातानं डोक्यावर उचलून धरलं. किती वेळ धरलं देव जाणे. मग कातळावर चढलेल्या कुणीतरी पोरीला वरच्या वर घेतलं, आणि त्याच वेळी बाजूची माणसं सरकली आणि तिचा हात मागं पिरगळला. गर्दी सुटली, पालखी खाली गेली, कुणी दगावलं नाही, म्हणून गावानं देवीचे आभार मानले आणि विषय संपवला. पण भावजयीचा उजवा हात त्या दिवसापासून खांद्याच्या वर जात नाही. तिचा अंबाडा आधी मी घालायचे, मग पोरगी मोठी झाली तशी ती घालायला लागली. रोज सकाळी आईच्या मागं उभं राहून केस विंचरायचे आणि मग कॉलेजला जायला कल्याणची एसटी पकडायची. आणि भावजय परत कधी टेकडी चढली नाही. तिची ओटी दर वर्षी दुसऱ्या बाईच्या हाती वर जायची.

त्या पोरीनं इंजिनियरिंगला गेल्यावर काय निवडावं? गर्दी.

दोन हजार साल उलटून चारपाच वर्षं झाली असतील. मी होळीला माहेरी गेले ती जत्रेपर्यंत राहिले. भाचीनं आदल्या वर्षी जत्रेचे फोटो काढून ठेवले होते, विसाव्याचेच, बांबूवर कॅमेरा चढवून. शेकड्यांनी फोटो. कॉलेजातून एक जुना संगणक टेम्पोत घालून आणला होता, आणि तो ओसरीवर पोत्यांशेजारी मांडला होता. मला म्हणाली, आत्या, बस इथं, प्रत्येक डोक्यावर एक टिंब दे. मी म्हटलं, कशाला गो? तर म्हणे, ह्याला माणूस कसा दिसतो ते माहीत नाय. आपण दाखवायचं. खूप दाखवलं की मग ते आपलं आपण ओळखतं.

कॉलेजात याला कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणतात. मी आपली महिनाभर टिंबं देत बसले. वाचायला मी माझी मी शिकले, तेव्हा न शिकलेल्याला शिकवायचं म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. धीर लागतो. आणि शंका किती यायच्या. बापाच्या खांद्यावर पोर असेल तर टिंबं दोन द्यायची का? दोन. डोक्यावर दुरडी असेल आणि डोकं दिसत नसेल तर? दुरडीखाली माणूस आहेच ना आत्या, दे टिंब. दुरडीत नारळ, पानं, हिरवा खण. मी त्यावर टिंब द्यायचे.

कॅमेऱ्याशिवाय तिनं आणखी एक युक्ती केली होती. पायथ्याशी जिथं स्वयंसेवक दोरी धरून लोकांना टप्प्याटप्प्यानं सोडतात, तिथं दोन खांबांवर दोन लहान डब्या बसवल्या. एका डबीतून दुसरीकडं डोळ्याला न दिसणारा उजेड जातो, टीव्हीच्या रिमोटमधून जातो तसला. माणूस मधून गेला की तो तुटतो आणि संगणकाला कळतं, एक जण वर गेला. ह्यालाच ते सेन्सर म्हणतात. अशी जोडी खाली एक आणि देवळाशी एक. मला ती समजावून सांगायची की जत्रेला माणसं किती आली याला अर्थ नाय आत्या, मैदानात कितीही येऊ देत. विसाव्यावर किती आहेत आणि दोन्हीकडून किती येतायत, तेवढंच बघायचं. बांबूवरच्या कॅमेऱ्यातून पडद्यावर विसाव्याचं चित्र, माणसांवर टिंबं, आणि चित्राभोवती चौकट. चौकट हिरवी असली तर ठीक. पिवळी झाली तर खालची दोरी धरायची. लाल झाली तर पालखीही धरायची.

हे शेवटचं जत्रेच्या कमिटीला काही केल्या पटेना. माझा भाऊ कमिटीचा प्रमुख होता, जत्रेत भोंग्यावर तोच बोलायचा. तो लेकीच्या बाजूनं उभा राहिला, पण अर्धाच. दोरी धरू, म्हणाला. पालखी धरायची गोष्ट काढू नको. कमिटीतला एक म्हातारा तर तिला तोंडावर म्हणाला की देवी कुणाच्या चौकटीत बसत नाय, पोरी.

त्यात जत्रेच्या दोन दिवस आधी हसं झालं. दुकानं लागत होती. विसाव्याच्या कातळाला टेकून एकानं नारळांची रास लावली, आणि आमची चौकट एकदम लाल. विसाव्यावर चिटपाखरू नाही. एका नारळावर एक टिंब, अशी सगळी रास टिंबांनी भरलेली. म्हातारा ओसरीवर आला, पडद्याकडं बघितलं आणि भावाला म्हणाला,

"तुझ्या लेकीचं यंत्र नारळाला माणूस म्हणतं. उद्या माणूस फोडू नको म्हणजे झालं."

ओसरीवरची सगळी हसली. भाऊही हसला, आणि हसताना त्यानं लेकीकडं बघायचं टाळलं. आम्ही दोघींनी मग दोन दिवस बसून यंत्राला नारळ दाखवले. हा माणूस नाही, हा माणूस नाही, हाही माणूस नाही. रास दिसते तेवढा कोपरा त्यानं बघूच नये असंही तिनं काहीतरी केलं. चौकट हिरवी झाली. पण भावाच्या मनात नारळ बसला तो बसलाच.

जत्रेच्या दिवशी सकाळी भाची आईचा अंबाडा घालत होती, आणि भावजय सहज बोलावं तसं म्हणाली की यंदा माझी ओटी मीच घेऊन जाईन. पोरीचा हात केसात तिथंच थांबला. ती म्हणाली, आई, पुढच्या वर्षी जा. भावजय म्हणाली, तू बघणार हायस ना पडद्यावर सगळं? मग मला कशाची भीती. मी पालखीखालून जाऊन येते, हातासाठी.

पोरीनं आकडे लावून अंबाडा घट्ट केला, एवढंच. नको म्हणाली असती तर तिच्या यंत्रावर तिचाच भरवसा नाही असं झालं असतं, आणि तिचा पुरता भरवसा नव्हताच. मला ते तिच्या हातांवरून कळलं.

आमचा मांडव मैदानाच्या कडेला होता. तिथून पायऱ्या दिसत नाहीत, मध्ये आंबा आहे आणि पाळणेवाल्याचं कापड. संगणक, जनरेटरची घरघर, भाऊ माईक घेऊन, भाची पडद्यासमोर आणि मी तिच्यामागं. भोंगे दोन, एक पायथ्याला दोरीजवळ, एक विसाव्यावर. जेवणं होईस्तोवर सगळं निवांत. चौकट हिरवीच. भाऊ हरवलेल्या पोरांची नावं पुकारत होता आणि मध्येच मला म्हणत होता, बाय, तुमच्या दोघींचा शिष्य झोपला का बघ.

मग वर तुतारी वाजली. पालखी देवळातून निघाली. तुतारी ऐकली की पायथ्याचं ढोलपथक सुरू होतं, तसं ते झालं, आणि मांडवातसुद्धा एकमेकांचं ऐकायला वाकावं लागलं.

चौकट पिवळी झाली.

भाची म्हणाली, बाबा, दोरी. भावानं माईक तोंडाशी धरला आणि नेहमीच्या आवाजात सांगितलं, "खालची दोरी सोडायची नाय." माईक खाली ठेवला. आम्ही पडद्याकडं बघत राहिलो. आता खालच्या डब्यांचा आकडा थांबायला हवा होता. तो थांबला नाही. उलट भरभर पळायला लागला, गिरणीच्या तोंडातून पीठ सांडावं तसा.

"बाबा, सोडतायत ते."

"मी 'नाय' सांगितलं ना."

"सोडतायत. बघा."

भावानं पुन्हा माईक घेतला, पुन्हा तेच वाक्य, आणखी जोरात. आकडा आणखी पळाला. भाऊ पडद्याकडं बघून म्हणाला की हे तुझं यंत्र पुन्हा नारळ मोजायला लागलं. त्याच्या बोलण्यात राग नव्हता. तसंच असू दे, अशी आशा होती.

मी मांडवाबाहेर आले, पायथ्याच्या बाजूला दहा पावलं गेले असेन. तिसऱ्यांदा भाऊ बोलला तेव्हा मी भोंग्यातून ऐकलं. खालची दोरी सोडायची. आणि मग ढोल. बस. माझा भाऊ वाक्याच्या शेवटाला आवाज खाली सोडतो, आपण सगळेच सोडतो, आणि त्याला सवय अशी की वाक्य संपायच्या आत माईक तोंडापासून खाली आणायचा. 'नाय' मांडवातच राहत होतं. पायथ्याचे स्वयंसेवक बिचारे प्रत्येक वेळी मान डोलावून दोरी सोडत होते. सांगणारा कमिटीचा प्रमुख, तो तीन तीनदा सोडायला सांगतोय म्हणजे वर जागा झाली असणार.

मी धावत आत आले आणि सांगितलं, तुझं नाय पोचत नाय रे तिथं. सोडायची एवढंच पोचतंय.

भावाला कळायला एक क्षण गेला. पोरीला तेवढाही लागला नाही. तिनं बापाच्या हातातून माईक घेतला. आमच्या जत्रेच्या भोंग्यावर तोवर बाईमाणसाचा आवाज कधी आला नव्हता. तिनं वाक्य जुळवलंच नाही.

"धरा. दोरी धरा. धरा. धरा."

आकडा थांबला.

पण सोडलेली माणसं पायऱ्यांवर होतीच आणि ती चढत होती. विसाव्याचं चित्र टिंबांनी एवढं भरलं की टिंबांमधून दगड दिसेना. चौकट लाल झाली. चित्राच्या वरच्या कोपऱ्यात पालखीचा गोंडा हलताना दिसला.

भाऊ पडद्यावर वाकला आणि म्हणाला, ह्यात तुझी आई कुठं हाय? भाची म्हणाली, दिसत नाय बाबा. नुसती टिंबं दिसतायत. तिचा आवाज सपाट होता, बातम्या वाचतात तसा. तिनं माईक बापापुढं धरला. दोरी धरायला तिनं सांगितलं होतं, तेवढं चाललं. पण पालखी तिच्या शब्दानं थांबणार नव्हती. ते त्यालाच सांगावं लागणार होतं, आणि नसतं सांगितलं आणि काही झालं नसतं तर कुणी त्याला बोल लावला नसता. सांगितलं तर जन्मभर ऐकावं लागणार होतं.

मला त्या वेळी माझ्या पायाखालचा दगड गेल्यासारखं झालं. मी मांडवात चांगली उभी होते, तरी. मला भावाला जे बोलायचं होतं ते त्याला ठाऊक होतं, तो रोज सकाळी ते केस विंचरणं बघायचा.

त्यानं माईक अगदी ओठाला लावला. "पालखी धरा," म्हणाला. "आहे तिथं धरा. धरा."

विसाव्यावरच्या भोंग्यातून ते गेलं असणार. गोंडा एकदा पुढं आला, मागं गेला आणि थांबला. वरचे ढोल अडखळले, मग खालचेही. आमच्या आठवणीत पहिल्यांदा पालखी अर्ध्यावर उभी होती. भाची बापाला हळूहळू सांगत होती आणि भाऊ तेच भोंग्यावर सांगत होता: खालच्या पायरीवरची माणसं, मागं उतरा. उतरा. एका अंगानं उतरा. एकाही वाक्यात 'नाय' आलं नाही याकडं माझं तेव्हा लक्ष होतं, हसू नका, खरंच होतं. चित्राच्या खालच्या कडेची टिंबं विरळ झाली. मग कठड्याजवळ दगड दिसला. मग कुणीतरी खाली वाकून हळदकुंकू वाहताना दिसलं, आणि मला रडू आलं, कारण वाकता येतंय म्हणजे जागा झाली.

चौकट पिवळी झाली तेव्हा भावानं लेकीकडं बघितलं. ती थांबा म्हणाली. हिरवी झाली तेव्हा तिनं मान हलवली.

"सोडा," तो म्हणाला.

पालखी पारावर टेकली आणि कमिटीतला म्हातारा थेट मांडवात आला. त्यानं आवाज चढवला नाही. भावाला एवढंच म्हणाला, "देवीला रांगेत उभी केलीस." आणि गेला. भाऊ माईकची वायर गुंडाळत बसला, पुन्हा पुन्हा तीच.

भावजय मग आली. कपाळभर कुंकू, रिकामी दुरडी कमरेवर, चेहरा उन्हानं लाल. आम्ही तिघं तिच्याकडं बघत राहिलो आणि तिला वाटलं, तिच्या पदराला काही लागलंय. ती म्हणाली, पालखी आज विसाव्यावर थांबली होती गो, वन्सं, तुमाला सांगते, एवढं निवांत वाकायला कधी मिळालं नव्हतं. आधी जरा दाटी झाली, मग झाली सगळी जागा. मी खालून गेले, परत आले, कुणाचा धक्का नाय की काय नाय. आणि मग लेकीला म्हणाली, "यंदा गर्दी काय तेवढी नव्हतीच."

भाची उठली आणि जनरेटरमागं गेली. बऱ्याच वेळानं आली. तोंड धुतलेलं होतं.

पुढच्या बैठकीत भावाला ऐकून घ्यावं लागलं ते लागलंच. काही झालं नाही, तर यंत्रानं काय केलं? हे विचारणारे चुकीचे होते असं मला म्हणता येत नाही. न झालेलं दाखवणार कसं? भावानं वाद घातला नाही. त्यानं एकच ठराव मांडला आणि तो मात्र सगळ्यांनी मान्य केला, त्या म्हाताऱ्यानंही. भोंग्यावरून दोरीसाठी दोनच शब्द बोलायचे, धरा आणि सोडा. तिसरा शब्द बोलायचा नाय. हे ठरवताना त्यानं 'नाय' म्हटलं आणि सगळी हसली, तोही. आजही आमच्या जत्रेत तेच दोन शब्द ऐकू येतात. नव्या पोरांना कारण माहीत नाही. यंत्र आणखी एक वर्ष आलं, मग भाचीला दूर नोकरी लागली. नारळवाला मात्र तेव्हापासून पायथ्यालाच बसतो.

जत्रेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी भाचीनं आईचा अंबाडा घातला आणि तिला हाताला धरून संगणकापुढं बसवलं. चौकट लाल होती तेव्हाचं चित्र काढून दाखवलं. भावजयीनं बराच वेळ बघितलं. तिचं हसणं हळूहळू उतरलं. तिनं डाव्या हातानं उजवा खांदा धरला. मग चित्रात बोट ठेवत ठेवत तिनं स्वतःला शोधलं, कठड्याच्या कडेला, डोक्यावर दुरडी. तिच्या कपाळावर टिंब नव्हतं. टिंब दुरडीतल्या नारळावर होतं.

"हे टिंब माझं की नारळाचं गो?" तिनं विचारलं.

पोरगी तिच्यामागं उभी होती, फणी हातात. म्हणाली, "कुणाचं पण असू दे. मोजलीय ना तुला."